बत्तिसावा फॉर्मा

इंजेक्शन दिल्यावर दातांचा डॉक्टर म्हणाला, "दहा मिनिटं बाहेर बसा, गाल बधिर झाला की बोलावतो," आणि मी बाहेर येऊन बसलो. अडुसष्ट वर्षांच्या माणसाच्या दाढेचं जे व्हायचं ते होत होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. समोर टेबलामागे नावं लिहून घेणारी मुलगी (मुलगी कसली, चाळिशीची बाई, पण हल्ली मला सगळ्या मुलीच वाटतात) फोन वाजत नव्हता म्हणून पुस्तक वाचत बसली होती. जाडजूड, वाचनालयाचं, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं. जाडीवरूनच मी ओळखलं. आठशे बत्तीस पानं. खोटं कशाला बोलू, मला मनातून बरं वाटलं. ही कादंबरी अजून कुणीतरी वाचतंय, आणि सव्वीस वर्षांपूर्वी तिची कायमची वासलात ज्याने लावली तो समोर गालावर हात ठेवून बसलाय हे तिच्या गावीही नाही. मला राहवेना. "संपवाल का?" मी विचारलं. ती म्हणाली, "संपवीन की. तुम्ही वाचलीय?" म्हटलं, "वाचलीय. माणसाला गुडघे टेकायला शिकवते." ती गोंधळली. "गुडघे? मला नाही बाई तसं वाटलं. तो मुका कारकून शिक्का विहिरीत टाकतो ना, तिथे तर मी इथं बसून रडले. पेशंट घाबरला, म्हणाला इतकं दुखतं का आत?" मी हसलो. म्हणजे हसायला गेलो, अर्धं तोंड हललंच नाही. "असं काही नाही त्यात," मी म्हणालो. "अहो, आहे." "नाही हो. मी लेख लिहिलाय तिच्यावर." ती चार पानं मागे गेली, पुस्तक माझ्याकडे फिरवलं आणि बोट ठेवलं. पान पाचशे तीन. त्या पानावरची एकही ओळ मी जन्मात वाचलेली नव्हती.

तेवढ्यात आतून हाक आली. मग अर्धा तास मी तोंड वासून पडून होतो, डोळ्यांवर दिवा, गालात कापसाचे बोळे, आणि डॉक्टर विचारतोय "दुखतंय का?" दुखत नव्हतं. कुणीतरी माझ्या तोंडात खुडबूड करतंय एवढंच कळत होतं. बोलता येत नसलं की माणूस आठवत बसतो. मला लंबक आठवला. आम्ही एकाच कॉलेजात, एकाच मजल्यावर शिकवायचो. तो पदार्थविज्ञान, मी तत्त्वज्ञान. सहा फूट उंच, शिकवताना डावी-उजवीकडे डुलायचा, म्हणून पोरांनी त्याचं नाव लंबक ठेवलं होतं. मी मान पुढे काढून वाकून चालतो म्हणून मी प्रश्नचिन्ह. "लंबक आणि प्रश्नचिन्ह आले," असं पोरं आमच्या तोंडावर म्हणायची आणि आम्हाला ते आवडायचं. डबे एकत्र, चहा एकत्र. अकरा वर्षं तो ती कादंबरी लिहीत होता आणि अकरा वर्षं त्याने मला तिचं एक पानही दाखवलं नाही. "छापून झाली की वाच. तुझ्यासारखा वाचणारा एकच असतो, तो आधीच वापरून टाकायचा नाही," म्हणायचा. शेवटी छापून झाली तेव्हा पहिल्या दहा प्रतींतली एक त्याने स्वतः घरी आणून दिली. मी त्याला बसही म्हटलं नाही, इतकी मला वाचायची घाई झाली होती.

गोष्ट म्हटली तर साधी. एका शहरात वजनं तपासून त्यांवर शिक्का मारणारं सरकारी ऑफिस असतं. नवे राज्यकर्ते येतात, वजनं हळूहळू हलकी होत जातात, तरी शिक्का खरा तो खराच. तिथल्या डुलत चालणाऱ्या निरीक्षकाला प्रश्न पडतो की खरं वजन ठरवायचं कुणी. हा प्रश्न त्याला पाचशे पानं पडतो. मधे न्याय काय, मोजणं काय, माणूस मोजता येतो का, यावर लंबकाने जे लिहिलंय ते मी आजही पोरांना नेमायला तयार आहे. निरीक्षकाच्या हाताखाली एक कारकून, जो कधी बोलत नाही. लोक एका गोदामात जमायला लागतात. आणि मग सैनिक शहरात शिरतात. आता इथे माझी मुख्य गोष्ट. गोदामातल्या सभेचा भाग संपता संपता एक वाक्य मध्येच तुटत होतं आणि सभा पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होती. तीच माणसं, तीच भाषणं, तेच खोकणं, शब्द न् शब्द तोच. पानांचे आकडेसुद्धा तेच, चारशे एक्याऐंशीपासून चारशे शहाण्णव. ती पानं दुसऱ्यांदा संपली की पुन्हा तेच वाक्य तुटायचं, आणि पान पाचशे तेरावर अर्ध्या वाक्याने गोष्ट पुढे सुरू व्हायची: "म्हणून त्याने दार उघडंच ठेवलं." मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या. काय हिंमत आहे गड्याची, असं वाटलं होतं. लोक सभा घेतात, सभेतून काही होत नाही, पुन्हा तीच सभा. माणसाचं वाक्य पुरं होत नाही. काळाचे आकडेही पुढे सरकत नाहीत. आणि शेवटी सैनिक येतात तेव्हा नायक काय करतो, तर त्यांच्यासाठी दार उघडं ठेवतो! रचना डोकं चक्रावून टाकणारी आणि निष्कर्ष असा की त्या वर्षी तो सहन होण्यासारखा नव्हता. आमचा संप चालू होता. मी संपाच्या समितीवर होतो, रोज गेटवर भाषणं ठोकत होतो, घसा बसला होता. आणि माझा सगळ्यांत जवळचा माणूस सांगत होता की सभांनी काही होत नाही, दार उघडं ठेवा. एका बैठकीत लेख लिहिला. मथळा दिला, "गुडघे टेकण्याचं तत्त्वज्ञान". तेव्हाच्या मोठ्या मासिकात तो पहिल्या पानावर छापून आला आणि मथळा लोकांच्या तोंडी बसला. ज्यांनी कादंबरी उघडलीही नव्हती तेसुद्धा म्हणायचे, "अच्छा, ती गुडघेवाली."

दाढ काढून झाल्यावर डॉक्टरने ती मला ताटलीत दाखवली. बाहेर आलो तर त्या बाईला विचारावंसं वाटलं, पुस्तक दोन दिवस द्याल का, पण तोंडात बोळा होता. तीच म्हणाली, "चार तास गरम काही खाऊ नका, गाल चावून घ्याल, कळणार नाही." मी चालतच घरी आलो. रस्त्यात कपड्यांच्या दुकानाच्या काचेत स्वतःला पाहिलं, एका बाजूने ओघळलेलं तोंड, मान पुढे. खरं सांगायचं तर अजून मला वाटत होतं की चूक त्या बाईच्या पुस्तकात आहे. नंतर कुणी भर घातली असेल, दुसरी आवृत्ती निघाली असेल. माणूस किती वेळ हुशार राहू शकतो याला काही मर्यादा नाही बघा. घरी कुणी विचारायला नव्हतं. बायको जाऊन सात वर्षं झाली, मुलगा रविवारी फोन करतो आणि आज मंगळवार. बूटही न काढता मी कपाटापुढे गेलो.

आणि कॉलेजचं वार्षिक दहा वर्षं मीच छापून घेत होतो! फॉर्मा म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात, त्याची घडी घालतात, अशा घड्या एकावर एक रचून शिवतात. रचणाऱ्याचा हात चुकला की एक घडी दोनदा पडते आणि पुढची राहूनच जाते. बायंडरकडे स्टुलावर बसून अशा चुका मी स्वतः पकडल्यात, त्याला झाडलंय. चारशे एक्याऐंशी ते चारशे शहाण्णव, एकतिसावा फॉर्मा, दोनदा. चारशे सत्त्याण्णव ते पाचशे बारा, बत्तिसावा, नाही. शाळकरी पोराच्या भूगोलाच्या पुस्तकात असं झालं तर पोरगं दुकानात जाऊन पुस्तक बदलून आणतं. मी लेख लिहिला. समासात माझंच अक्षर होतं, पेन्सिलीचं. दुसऱ्यांदा आलेल्या पान चारशे एक्याऐंशीवर मी लिहिलं होतं, "धाडस!!" दोन उद्गारचिन्हं होती. आणि मजा म्हणजे पहिल्या वेळी ज्या ओळींखाली रेघ मारली होती त्या दुसऱ्या वेळी सोडल्या होत्या, आणि पहिल्या वेळी सोडलेल्या दुसऱ्या वेळी धरल्या होत्या. प्रेमाने वाचलं होतं हो मी, अगदी पोटातून वाचलं होतं. मी कपाळावर हात मारून घेतला, खरोखरचा, आणि मग तसाच जमिनीवर बसून राहिलो.

लेख काढून पाहिला. तेव्हा कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही, असं वाटत होतं, तर लेख वाचल्यावर त्याचंही उत्तर मिळालं. मी कुठेही सरळ लिहिलं नव्हतं की बाबांनो, सोळा पानं दोनदा आलीत. मी लिहिलं होतं, "लेखक आपल्याला पुनःपुन्हा त्याच बंद खोलीत आणून बसवतो," आणि "इथे काळाची गणनाच थबकते," आणि "भंगलेल्या वाक्यातून सत्तेचा श्वास ऐकू येतो." यातून कुणाला काय कळणार, कप्पाळ! आयुष्यभर ज्या भाषेवर टाळ्या घेतल्या त्या भाषेने मला असं झाकून ठेवलं होतं. एकच माणूस ओळखू शकला असता आणि तो लेख आल्यावर तिसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आला होता. मासिक हातात होतं. बाकीचे गेटवर गेले होते. तो खिडकीशी उभा राहिला, मी भाषणाची टिपणं काढत होतो. त्याने विचारलं, "सगळी वाचलीस?" मी मान वर न करता म्हणालो, "शब्द न् शब्द. मधली सोळा पानं तर तूच दोनदा वाचायला लावलीस." मी वर पाहिलं. तो माझ्याकडे असा बघत होता की मला वाटलं आता हसेल, किंवा मारेल. तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाला, "असू दे." आणि डुलत डुलत निघून गेला. ते "असू दे" माझ्या डोक्यात सव्वीस वर्षं ठणकत राहिलं. मला वाटलं, केवढा हा माज! स्वतःच्या पुस्तकावर दोन वाक्यं बोलायची याची तयारी नाही, आपल्याला कस्पटासमान समजतो. मी बोलणं सोडलं. त्यानेही सोडलं. बायको म्हणायची, "एकदा भेटून या हो, काय लहान मुलांसारखं." मी म्हणायचो, "तत्त्वाचा प्रश्न आहे." त्याने पुन्हा काही लिहिलं नाही. तेरा महिन्यांपूर्वी तो गेल्याचं पेपरात वाचलं तेव्हा मी इस्त्रीचा शर्ट घातला, बसस्टॉपवर गेलो, तीन बस सोडल्या आणि घरी आलो. एवढ्या लोकांत आपल्याला पाहून वहिनींना काय वाटेल, असं स्वतःला सांगितलं. वहिनींना काही वाटलं असतं तर ते मी ऐकायला हवं होतं. संध्याकाळी गालातली भूल उतरायला लागली आणि तेव्हा कळलं की आतून गाल चांगलाच चावला गेलाय. तोंडात रक्ताची चव होती आणि मी रडत होतो, दाढेसाठी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता लंबकाच्या घरी गेलो. तोच जिना, तिसरा मजला, दार नुसतं लोटलेलं. मी बाहेरूनच म्हणालो, "वहिनी, आहात का?" आतून आवाज आला, "कोण आहे? या आत." वहिनी खिडकीजवळ बसून मटार सोलत होत्या. मला पाहून त्यांचा हात थांबला. केस सगळे पांढरे, जाड भिंगांचा चष्मा. "भाऊजी," त्या म्हणाल्या. बसा म्हणाल्या नाहीत. मीच बसलो. वाटेत मी वाक्यं जुळवली होती, व्याख्यानं देणारा माणूस मी, पण सुजलेल्या तोंडातून निघालं ते एवढंच, "वहिनी, माझ्या प्रतीत सोळा पानं कमी होती. मला काल कळलं."

"काल?" त्या म्हणाल्या. "आम्हाला सव्वीस वर्षांपूर्वी कळलं." त्यांनी मटारचं भांडं बाजूला ठेवलं. "त्या दिवशी घरी आले ते हसतच आले. मला वाटलं, भांडण मिटलं. म्हणाले, अगं, त्याच्या प्रतीत एक फॉर्मा दोनदा पडलाय आणि गड्याने त्यावर सिद्धांत मांडलाय! हसता हसता डोळ्यांतून पाणी. लगेच बायंडरकडे गेले. फक्त पहिल्या दहांत घोटाळा झाला होता. म्हटलं, मग आता सांगा की त्यांना, लिहा मासिकाला. तर नको म्हणाले."

"का?"

"का काय? तुमचं हसं झालं असतं. संप चालू होता, तुम्ही गेटवर उभे राहून बोलायचात. ते म्हणाले, उद्या हे छापून आलं तर मॅनेजमेंटवाले ते गेटवर चिकटवतील, पोरं त्याला तोंड उघडू देणार नाहीत आणि संप दोन दिवसांत बसेल. आधी संप होऊ दे, मग सांगू. संप झाला. मग तुम्ही जिन्यात समोर आलात आणि तोंड फिरवून गेलात. मग ते म्हणाले, आता राहू दे." त्यांचा आवाज चढला. "मला राग होता भाऊजी तुमचा. अजून आहे. अकरा वर्षं घरात तो माणूस असून नव्हता, त्या पुस्तकापायी. मी पोरांना गप्प बसवलं, पाहुणे परतवले. आणि तुम्ही एका लेखात त्याची गुडघेवाली करून टाकलीत. मी सांगणार होते सगळ्यांना. त्यांनी शपथ घातली. मी म्हणायचे, कसला हा मित्र, साधं पुस्तक नीट वाचता येत नाही. तर काय म्हणायचे माहितीये? म्हणायचे, अगं, त्याने सोळा पानं दोनदा वाचली. मला इतकं कुणी वाचलं?"

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती, आम्ही दोघंही ते ऐकत बसलो. मी सभांवर, सत्तेवर, शरणागतीवर इतकं बोललो, आणि हा माणूस, ज्याला मी भित्रा म्हणून छापलं, तो माझा संप टिकावा म्हणून स्वतःची अकरा वर्षं गिळून पुढे कित्येक वर्षं शेजारच्या वर्गात प्रकाशाचे नियम शिकवत होता. भिंतीतून त्याचा आवाज यायचा. आवाज आला की मी दार लावून घ्यायचो. वहिनी उठल्या, कपाटातून एक खाकी पाकीट आणलं. "तुमचं आहे. म्हणाले होते, तो आला तर दे, आपण होऊन पाठवू नकोस." आत एक घडी होती, बायंडरकडून आणलेली सुटी, कडा पिवळ्या पडलेल्या, पानं अजून एकमेकांना जोडलेली. बत्तिसावा फॉर्मा. कुणी उघडला नव्हता. "इथेच वाचा," वहिनी म्हणाल्या. "मोठ्याने वाचा. मला आता बारीक अक्षर दिसत नाही. आणि खरं सांगू, दिसत होतं तेव्हा मी रागाने वाचलीच नाही ती." त्यांनी स्वयंपाकघरातून सुरी आणून दिली.

मी एकेक कड कापत गेलो आणि वाचत गेलो. गाल दुखत होता, "स" नीट उमटत नव्हता. सभा संपते. सगळे पांगतात. मुका कारकून ऑफिसात परत येतो, रात्रीतून आलेली हलकी वजनं टेबलावर रांगेने मांडलेली असतात, आणि नव्या राज्यकर्त्यांचा साहेब म्हणतो, मार शिक्का. कारकून कानामागची पेन्सिल काढतो. दोन्ही टोकांनी तासलेली पेन्सिल. मी वाचता वाचता थांबलो. कॉलेजात सगळे माझ्या पेन्सिलीला हसायचे, एक टोक मोडलं तर दुसरं हवं म्हणून मी दोन्हीकडून तासायचो, अजून तासतो, आत्ता माझ्या खिशात होती. वहिनी म्हणाल्या, "वाचा ना." कारकून ती पेन्सिल टेबलावर ठेवतो आणि पाचशे पानांत पहिल्यांदा बोलतो. म्हणतो, "हे वजन खरं नाही. मी शिक्का मारणार नाही." बस, एवढंच. मग तो शिक्का घेऊन मागच्या अंगणात जातो, विहिरीत टाकतो, आणि त्याच्यामागून एकेक करून बाकीचे कारकून येतात आणि आपापले शिक्के टाकतात. पाण्यात पडणारा एकेक शिक्का लंबकाने मोजलाय, सतरा. इथे ती दवाखान्यातली बाई रडली होती. त्याच दुपारी कारकुनाला पळावं लागतं. कुठे गेला, कुणाला माहीत नसतं. निरीक्षक, म्हणजे डुलत चालणारा तो निरीक्षक, घरी येतो. शहरात सैनिक शिरल्याचं त्याला कळतं. शेजारी सांगतात, दार लावून घ्या. पान पाचशे बारा, शेवटची ओळ: "पण त्याला वाटलं, आपला मित्र आज ना उद्या येईल, आणि दार बंद दिसलं तर तो न वाजवताच परत जाईल,"

फॉर्मा तिथे संपला. वहिनी म्हणाल्या, "पुढे?"

पुढचं मला पाठ होतं. त्याच पाच शब्दांवर मी अख्खा लेख उभा केला होता, मासिकात ते चौकटीत छापले होते.

"म्हणून त्याने दार उघडंच ठेवलं," मी म्हणालो.

वहिनींनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. बाहेरची स्कूटर कधीच सुरू होऊन निघून गेली होती. "आणि त्यापुढे काय होतं?" त्यांनी विचारलं. "ते तरी वाचलंय ना तुम्ही?"

"नाही," मी म्हणालो. "ही पानं नसताना वाचलेलं धरायचं नाही. उद्यापासून येतो रोज, चार वाजता. वाचू."